बंप स्टॉक, मॅगझिनवर बंदी म्हटलं की गनवाले एवढे का भडकतात?

रेंजवरचा_नवा
नमस्कार मंडळी. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली पण रायफल आत्ता घेतली, रेंजवर जायला लागलोय. तिथे एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. बंप स्टॉकबद्दल (रायफलला लावायचा पार्ट, त्याने गोळ्या भराभर सुटतात) ज्याला विचारावं तो म्हणतो फालतू वस्तू, नेम लागत नाही, नुसत्या गोळ्या वाया. पण बंदीचा विषय निघाला की हेच लोक तावातावाने बोलायला लागतात. लास व्हेगासला २०१७ मध्ये बंप स्टॉक लावलेल्या रायफलींच्या गोळीबारात ६० माणसं गेली, तरी त्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी एवढं का? वाद घालायचा नाहीये, समजून घ्यायचंय.

टेक्सासचे_अप्पा
चांगला प्रश्न. भांडण त्या तुकड्यासाठी नाहीये, बंदी कोणी आणि कशी घातली त्यावर आहे. २०१० मध्ये एटीएफनेच (बंदुकांवर लक्ष ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) लेखी सांगितलं होतं की बंप स्टॉक म्हणजे नुसता एक पार्ट, मशीनगन नाही. लोकांनी त्या भरवशावर, दुकानातून पावती घेऊन विकत घेतले. मग लास व्हेगास झालं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याच एटीएफने नियम काढला की ही मशीनगनच आहे, २६ मार्च २०१९ च्या आत मोडा नाहीतर आणून द्या, भरपाई एक डॉलरसुद्धा नाही, आणि ठेवला तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली, गुन्हा. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केलाच नाही, खात्याने जुन्या कायद्याचा अर्थ बदलला. मी स्वतः बंप स्टॉक कधी हातात धरला नाही तरी मला हे खटकलं, कारण आज हा पार्ट, उद्या माझ्याकडचा कुठला?

आणि सगळे गनवाले एका सुरात बोलत होते असंही नाही हां. एनआरएने (गनवाल्यांची मोठी संघटना) तर लास व्हेगासनंतर चारच दिवसांत म्हटलं होतं की यावर जास्त नियम हवेत. गन ओनर्स ऑफ अमेरिका या दुसऱ्या संघटनेवाले त्यावर जाम चिडले, ते कोर्टात गेले. शेवटी ज्या केसमध्ये निकाल लागला ती ऑस्टिनच्या मायकेल कारगिलची, गन शॉपवाला माणूस, त्याने आपले दोन बंप स्टॉक सरकारकडे जमा केले आणि मग केस टाकली. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने नियम उडवला. मुद्दा तांत्रिक होता: धक्क्याने रायफल मागे सरकते, पुढच्या हाताच्या जोराने परत पुढे येते, आणि दर गोळीला ट्रिगर नव्याने बोटावर आपटतो. १९३४ च्या कायद्यातली मशीनगन म्हणजे ट्रिगरच्या एका क्रियेत एकापेक्षा जास्त गोळ्या. इथे तसं नाही, असं बहुमताने म्हटलं.

कोलोरॅडोची_मावशी
अप्पा, तुमचा पद्धतीचा मुद्दा मान्य, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. मीही गन ओनर आहे, घरात पिस्तूल आहे, आणि मला मॅगझिनची (बंदुकीत गोळ्या भरायची पेटी) मर्यादा हवी आहे. आमच्याकडे २०१२ ला ऑरोराच्या थिएटरमध्ये गोळीबारात १२ जणांचा जीव गेला, त्यानंतर २०१३ मध्ये १५ गोळ्यांची मर्यादा आली, आणि ती विधानसभेने रीतसर पास केली होती, कुठल्या खात्याने नाही. तरी काय झालं? राज्याच्या दोन सिनेटरना लोकांनी रिकॉल करून, म्हणजे मुदतीआधीच मतदान घेऊन, घरी पाठवलं, मॅगझिन बनवणारी मॅगपुल कंपनी राज्य सोडून गेली. म्हणजे राग नुसता पद्धतीवर नसतो, हे पण सांगा ना या मुलाला.

२०११ ला टूसॉनमध्ये खासदार गॅबी गिफर्ड्सवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोराकडे ३३ गोळ्यांचं मॅगझिन होतं, ते संपून दुसरं लावायला गेला तेव्हाच लोकांनी त्याला पाडलं. तेवढे काही सेकंद. ते सेकंद मला मोलाचे वाटतात, त्यासाठी रेंजवर दोनदा जास्त रीलोड करायला लागलं तर मी करेन.

टेक्सासचे_अप्पा
मावशी, बरोबर आहे, काहींना कुठलीच मर्यादा नको असते. पण कायदा विधानसभेतून आला तर निदान मत देऊन बदलता येतो, तुमच्याकडे लोकांनी तेच केलं. मला तो रस्ता चालतो.

कान_सांभाळा
एक सांगतो, सगळ्या ॲक्सेसरीज एकाच पिशवीत घालू नका. सप्रेसरने (नळीच्या टोकाला लावायचा, आवाज कमी करणारा पार्ट) बंदूक गप्प होत नाही, आवाज साधारण २०-३० डेसिबलने उतरतो, तरी कानाला संरक्षण लागतंच. त्यावर १९३४ पासून २०० डॉलर टॅक्स होता, जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय, नोंदणी मात्र अजून लागते. इकडे सूट आणि तिकडे बंदी, म्हणून प्रत्येक वस्तूचं वेगळं बोलायला हवं.

रेंजवरचा_नवा
खूप धन्यवाद सगळ्यांना, आता रेंजवरचं बोलणं कळेल. म्हणजे आता बंप स्टॉक सगळीकडे चालतो का? मी नेवाडाला शिफ्ट होतोय म्हणून विचारतो.

कोलोरॅडोची_मावशी
नाही रे बाबा! कोर्टाने फक्त फेडरल नियम उडवला. नेवाडाने २०१९ मध्ये स्वतःचा कायदा करून बंदी घातली, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कमध्येही आहे. सामान बांधायच्या आधी त्या राज्याचा कायदा नीट वाच.