ज्युनियर आइस हॉकी: १७ वर्षांच्या डिफेन्समनचा बचाव कसा जोखायचा?

प्रश्न: ओएचएलमधला (कॅनडातली ज्युनियर लीग, ऑन्टारियो हॉकी लीग) पोरगा, बचावपटू. प्लस-मायनस (साधारणपणे, तो बर्फावर असताना संघाने केलेले वजा खाल्लेले गोल) बराच उणे. संघही तळाला. दोष कुणाचा मानायचा?

प्रतिसाद १: प्लस-मायनस बाजूला ठेवा. गोलरक्षक कच्चा असला की सगळ्यांचाच आकडा बुडतो. शिवाय गोलरक्षक बाहेर काढल्यावर रिकाम्या जाळ्यात खाल्लेले गोलही त्यात धरतात! त्यापेक्षा निळ्या रेषेवर, म्हणजे बचावाचा भाग सुरू होतो तिथे, बघा. आक्रमक आत शिरताना त्याच्यात आणि या पोरात साधारण एका काठीचं अंतर हवं. हा तीन काठ्या मागे सरकत असेल तर समोरच्याला फुकटचा शॉट. मागे का सरकतो, तेही बघा. बहुतेकदा उलट्या स्केटिंगमधून वळणं जड जातं, म्हणून आधीच माघार.

प्रतिसाद २: कोपऱ्यातला पक (खेळाची रबरी चकती) उचलायला जाताना खांद्यावरून मागे बघतो का? नसेल बघत, तर फोरचेकर (पक हिसकावायला दबाव टाकणारा विरोधी खेळाडू) अंगावर आला की पक बोर्डवरून (मैदानाच्या कडेच्या भिंतीवरून) भिरकावणार, तोही थेट निळ्या रेषेजवळ उभ्या विरोधी पॉइंटवाल्याच्या काठीवर.

प्रश्नकर्ता: आणि संघाचं काय?

प्रतिसाद १: वयं मोजा. संघात २० वर्षांचे तीनच ठेवता येतात. आज १९ वर्षांच्यांवर भिस्त असेल तर त्यातले तीनच उरणार, म्हणून पुढचं वर्षही खडतर. १७-१८ची फळी भक्कम असेल तर धीर धरा.