हॅम्प्टन : आडनाव एक, अर्थ तीन?

वाटाड्या : हॅम्प्टन या इंग्रजी आडनावाचा अर्थ 'घरची वाडी' असं वाचलं. पण इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावाच्या नावाचा अर्थ 'उंचावरची वाडी' सांगतात आणि साउथॅम्प्टनचा अर्थ तिसराच. खरा कोणता? आणि आडनावाला कोणता लावायचा?

जुनी_अक्षरं : तिन्ही खरे, गावं वेगळी. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपणातली शेतवाडी. फरक आधीच्या शब्दात आहे. नॉर्थॅम्प्टनमध्ये 'हाम', म्हणजे घर, वस्ती. साउथॅम्प्टनमध्ये 'हम्म', म्हणजे पाण्याने वेढलेली किंवा नदीच्या वळणातली जमीन. इचेन आणि टेस्ट नद्यांच्या मधला भाग नकाशावर पाहा, लगेच पटेल. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये 'हेआन', म्हणजे उंच. 985 च्या दानपत्रात ते नुसतं 'हेआनटून' आहे. राजा एथेलरेडने ती जमीन वुल्फरुन या स्त्रीला दिली आणि पुढे तिचं नाव गावाला लागलं. तिथलं सेंट पीटर चर्च आजही उंचवट्यावर आहे.

नॉर्थ-साउथच्या जोडीला मात्र फसू नका. दोन्ही गावं आधी 'हामटून' अशीच लिहिली जात. गोंधळ नको म्हणून दिशा नंतर जोडली, मूळ एक नाही.

वाटाड्या : मग मधला 'प' कुठला?

जुनी_अक्षरं : उच्चारातून घुसलेला. 'म'नंतर 'ट' किंवा 'स' आला की ओठ उघडताना 'प' उमटतो. थॉमसनचं थॉम्प्सन तसंच झालं. म्हणून आजच्या स्पेलिंगवरून अर्थ काढू नये.

नकाशा_आणि_नोंदी : 1086 च्या डूम्सडे नोंदींवरही (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमिनींची पाहणी) एकट्यावर भिस्त ठेवू नका. साउथॅम्प्टन तिथे 'हान्टोने' आहे आणि वॉरिकशायरमधलं हॅम्प्टन-इन-आर्डनही 'हान्टोने'च. त्याआधीची दानपत्रं असतील तर ती बघा, मग जमिनीचा चढ-उतार आणि नदी.

आडनावाचं गणित उलटं चालतं. आपल्या '-कर' आडनावांसारखंच गाव सोडून गेलेल्याला गावाचं नाव चिकटायचं. गावातच राहणाऱ्याला 'हॅम्प्टनचा' म्हणून काय ओळख पटणार? म्हणजे अर्थ शोधण्याआधी गाव शोधावं लागतं. 1881 च्या जनगणनेत त्या घराण्याचा जिल्हा पाहा, तिथून चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या पॅरिश नोंदवह्यांमधून मागे जा (त्या 1538 पासून सुरू होतात, पण सगळीकडे टिकलेल्या नाहीत). मग त्या भागातल्या हॅम्प्टनची व्युत्पत्ती इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीच्या जिल्हावार खंडांत तपासा. लंडनमधल्या नोंदींवरून मूळ गाव ठरवू नका, तिथे चहूकडून माणसं येत होती.