मदत हवी आहे: हुकूमशाही गेली, पण बायकांच्या कामाचं काय झालं?

मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी हा विषय हौसेने घेतला आणि आता अडकलेय.

चिलीचं उदाहरण बघा. लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या काळात ज्यांचे नवरे, मुलं बेपत्ता झाली अशा अनेक बायका पोत्याच्या कापडावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या शिवून चित्रं करायच्या. या चित्रांना म्हणतात अर्पियेरा. चित्रं परदेशात विकली जायची. चार पैसे घरात यायचे आणि आत काय चाललंय ते बाहेर कळायचं. ‘लोकशाही देशात आणि घरातही’ ही घोषणा तिथलीच. १९९० मध्ये नागरी सरकार आलं, घटस्फोटाच्या कायद्याला मात्र २००४ उजाडलं!

आता माझी अडचण. हे शिवणकाम ‘रोजगार’ म्हणून मांडू की ‘आंदोलन’ म्हणून? मार्गदर्शक म्हणतात, एकच धरा. मला ती फोडच पटत नाही. सुई तीच, हात तेच.

दुसरं, अर्जेंटिनाने १९९१ मध्येच उमेदवार याद्यांत बायकांना किमान ३० टक्के जागा दिल्या. घरकामगारांना इतर कामगारांच्या जवळपास हक्क देणारा कायदा आला २०१३ मध्ये. संसदेतल्या बायका आणि मोलकरणी यांच्यातलं हे अंतर कशाने मोजायचं? पोलंडही घ्यावा का? ग्दान्स्कच्या गोदीतला १९८० चा संप क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेन्तिनोविच यांना कामावरून काढल्यामुळे पेटला होता. की तीन देश म्हणजे फारच पसारा?

कामगार चळवळीवर किंवा लॅटिन अमेरिकेवर कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा. स्पॅनिश येत नाही, तेव्हा इंग्रजी किंवा मराठीतलंच सुचवा.