सिम्युलेटरमधला वळीव : ढगाने नुसते दिसावे की वागावेही?

कृष्णाकाठ (सांगली) :

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या सिम्युलेटरमधल्या ढगांबद्दल मला बोलायचे आहे, पण आधी खरा वळीव पाहू. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सांगली-मिरजेकडे तो कसा येतो, हे इथल्या कोणाला सांगायला नको. दुपारभर अंगाची लाही होते, तीन-चारच्या सुमारास आभाळात ढगांचे मनोरे चढू लागतात, आणि पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच धुळीचा लोट उठतो, वारा दिशा बदलतो व एकदम गार होतो. तासगावकडे ज्यांचा बेदाणा शेडमध्ये वाळत असतो, ती मंडळी त्या गार वाऱ्यावरच ताडपत्र्या ओढायला धावतात, कारण हाताशी तेवढीच काही मिनिटे असतात. वैमानिक ज्याला गस्ट फ्रंट म्हणतात, तो हाच वारा. पावसाबरोबर ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटते, चहूकडे पसरते आणि पावसाच्या पुढे धावते.

२००६ सालच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये ढग म्हणजे सपाट चित्रे होती. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने आणि २०२२ च्या एक्स-प्लेन १२ ने ढगांना खरी जाडी दिली. त्यांच्यातून उजेड झिरपतो, त्यांची सावली शेतावर पडते, आणि ही प्रगती मी रोज आनंदाने पाहतो. तरीही मागच्या आठवड्यात, मी वापरतो त्या सिम्युलेटरमध्ये, कोल्हापूरच्या धावपट्टीकडे सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन येताना समोर ऐरणीसारखा माथा पसरलेला अजस्र ढग होता, विजा चमकत होत्या, आणि मी त्याच्या पोटाखालून गेलो तरी वाऱ्याची दिशा बदलली नाही की विमान एक फूटभर खाली दबले नाही. धक्के बसले ते पुढे, निरभ्र आकाशात.

माझे म्हणणे असे आहे की डोळ्यांना दिसणारा ढग आणि विमानाला हलवणारी हवा यांचा उगम एकच असला पाहिजे. तसे होणार नसेल, तर ढग कितीही देखणा असला तरी तो सिम्युलेशनचा भाग नाही, पार्श्वभूमी आहे. निर्मात्यांनी आता आणखी देखणेपणा थांबवून ढगाच्या आतल्या हवेकडे वळावे, असे मला ठामपणे वाटते.

अजिंक्यतारा (सातारा) :

तुमचे वळवाचे वर्णन अगदी खरे आहे, पण मागणीशी मी असहमत आहे. सिम्युलेटरला 'आत्ताचे हवामान' मिळते कुठून, हे आधी पाहा. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेच्या जीएफएस या अंदाज-प्रारूपाची सार्वजनिक माहिती ०.२५ अंशांच्या चौकटींत मिळते, म्हणजे एक चौकट साधारण २८ किलोमीटरची. सातारा ते कराड या अंतरात अशा दोनच चौकटी बसतात. वळवाचा एकेक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो आणि तास-दीड तासात उभा राहून विरूनही जातो. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सुरू झालेली सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम बरीच बारीक आहे, पण तिच्यातही ढगाच्या पोटातला वर चढणारा झोत वेगळा दिसणार नाही. मग उरते विमानतळावरचे मेटार, म्हणजे ठरावीक वेळाने नोंदवलेले हवामानाचे निरीक्षण, आणि सांगली-साताऱ्याच्या लोकांना त्यासाठी कोल्हापूर किंवा पुण्याकडेच पाहावे लागते.

याचा अर्थ, पडद्यावरचा प्रत्येक गडगडाटी ढग सिम्युलेटरने कल्पनेनेच रचलेला असतो. त्या कल्पित ढगाला मी कल्पित झोत आणि कल्पित गारा जोडल्या, तर माणसाला वाटेल की हे कराडवरचे आजचे खरे वादळ आहे. माहितीत नसलेली अचूकता दाखवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. याउलट रूप खरे असेल तर डोळा शिकतो. माथा अजून फुलकोबीसारखा रेखीव आहे म्हणजे ढग वाढतो आहे, कडा विस्कटून तंतुमय झाल्या म्हणजे वर बर्फ तयार झाले आहे, हे वाचायला मी याच देखण्या ढगांमुळे शिकलो. शिवाय शहाणा वैमानिक गडगडाटी ढगात शिरतच नाही. जिथे जायचेच नाही, तिथली हवा इतक्या बारकाईने मोजण्यात संगणकाची शक्ती कशासाठी खर्च करायची? ढगांमुळे माझ्या संगणकाचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या, आत्ताच निम्म्यावर येतो.

शिकाऊ वैमानिक (कराड) :

मी प्रशिक्षण घेत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आम्हाला शिकवतात ते टाळणेच, हे अजिंक्यतारा यांचे म्हणणे बरोबर आहे. तीव्र वादळापासून किमान २० मैल दूर राहावे, असा अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचा सल्ला आहे. पण टाळायचे कशाच्या आधारावर? रात्री किंवा थरांच्या ढगांत दडलेले वादळ डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा आधार असतो तो विमानातल्या रडारचा. ते रडार पावसाचे थेंब पाहते. कोरड्या गारा आणि बर्फाचे स्फटिक त्याला फारच क्षीण दिसतात, आणि जवळच्या दाट पावसाने लहरी शोषल्या की मागचे मोठे वादळ पडद्यावर मोकळी जागा म्हणून उमटते. अँटेनाचा कोन चुकला तर ढगाचा कोरडा माथाच दिसतो आणि वैमानिक निर्धास्त होतो.

मे २०२५ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेले एक प्रवासी विमान गारांच्या वादळात सापडले आणि फुटलेल्या नाकासह सुखरूप उतरले. रडारच्या पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांमागे नेमके काय दडलेले असू शकते, हे घरी बसून समजायचे असेल तर ढगाला आतून काहीतरी असावेच लागेल. पोकळ ढगावर रडार कशाचे चित्र काढणार?

घाटमाथा (महाबळेश्वर) :

दोन्ही बाजू वळवावरच बोलत आहेत, म्हणून आमच्या बाजूचे एक सांगतो. जुलैत इथे दिवसचे दिवस पाऊस कोसळतो, पण गडगडाट क्वचितच ऐकू येतो, कारण तो पाऊस बहुतांशी घाटाला अडलेल्या बुटक्या, उबदार ढगांचा असतो. हे ढग जवळून अभ्यासता यावेत म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा चालवली आहे. माझ्या सिम्युलेटरमध्ये मात्र पाऊस जोराचा असला की विजा आल्याच. कासच्या पठाराला घासून जाणारे ढग आणि मे महिन्यातला वळीव यांत फरक करता आला, तरी मी समाधानी होईन. वादळाच्या पोटातले झोत त्यानंतर पाहू.

कृष्णाकाठ (सांगली) :

घाटमाथा यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असे मी समजतो, कारण ढग कसा वागतो हे ठरल्याशिवाय तो कोणत्या जातीचा हेही ठरत नाही.

अजिंक्यतारा, माहितीच्या मर्यादेबद्दल तुम्ही लिहिले ते नाकारण्याजोगे नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. हवामान खाते 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असे सांगते, तेव्हा तो नेमका कवठेमहांकाळला पडेल असे कोणी धरत नाही, पण त्या दिवशी वळीव कुठेतरी येणार आणि आला की वळवासारखाच वागणार, हे सगळे धरून चालतात. सिम्युलेटरनेही तेवढेच करावे. जागा कल्पित असू द्या, स्वभाव कल्पित नको.

आत जायचेच नाही तर आतले कशाला, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. १९४६ आणि १९४७ साली अमेरिकेत, आधी फ्लोरिडात आणि मग ओहायोत, वैमानिकांनी पी-६१ ही लढाऊ विमाने मुद्दाम गडगडाटी ढगांतून, एकावर एक अशा वेगवेगळ्या उंचींवरून नेली. ढगाची वाढ, भर आणि विरणे अशा तीन अवस्था आज आपण शिकतो, त्या याच उड्डाणांतून नीट उलगडल्या. शिवाय धोका फक्त आत नसतो. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थला उतरणारे डेल्टा १९१ हे विमान धावपट्टीच्या अलीकडे वादळाखालच्या मायक्रोबर्स्टमध्ये, म्हणजे ढगातून जोरात खाली कोसळणाऱ्या हवेच्या झोतात, सापडले आणि १३७ माणसे गेली. आधी समोरून वारा वाढतो, विमान तरंगते, वैमानिक शक्ती कमी करतो, मग खाली दाबणारी हवा आणि लगेच पाठीमागचा वारा, असा तो क्रम असतो. एअरलाइनच्या वैमानिकांना प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये हाच क्रम अपघातांच्या नोंदींवरून तयार केलेल्या वाऱ्यांनी शिकवतात, आणि त्यासाठी ढग देखणा असावा लागत नाही. ढगाखाली आडवा-उभा वारा आकड्यांत बसवण्याला तुमच्या ग्राफिक्स कार्डाची फारशी गरजही पडत नाही. फ्रेम रेट खातो तो पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवणारा प्रकाशाचा हिशेब.

अजिंक्यतारा (सातारा) :

तुमचा शेवटचा मुद्दा मी नीट लक्षात घेतला नव्हता. वाऱ्याचा हिशेब आणि चित्राचा हिशेब वेगळे आहेत, तेव्हा फ्रेम रेटचा आक्षेप मी मागे घेतो. मायक्रोबर्स्टचा क्रम ढगाखाली असावा, हेही मान्य करतो.

मात्र माझी एक अट कायम आहे. रचलेले वादळ कोणते आणि निरीक्षणातून आलेले कोणते, हे सिम्युलेटरने वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावे. 'आत्ताचे हवामान' या एकाच बटणाखाली दोन्ही मिसळू नयेत. आणि गारांनी काच फुटणे, वीज पडून उपकरणे बंद पडणे हे माझे मन अजून घेत नाही. त्यासाठी माणसे मुद्दाम ढगात घुसतील आणि टाळण्याची सवय मोडेल, अशी मला खरोखर भीती वाटते.

कृष्णाकाठ (सांगली) :

अट रास्त आहे, मी ती माझ्या मागणीत जोडतो. काचेच्या बाबतीत आपले जमणार नाही. माझ्या मते ढगात शिरून काहीच होत नाही, हा अनुभवच टाळण्याची सवय मोडतो.

येत्या रविवारी कराडच्या धावपट्टीभोवती, हाताने बसवलेल्या एकाच वादळात, आपण दोघे आपापल्या सिम्युलेटरवर १,००० फुटांवरून चार दिशांनी उड्डाण करू आणि दर पाच सेकंदांनी वाऱ्याची दिशा व वेग लिहून ठेवू. शिकाऊ वैमानिक यांनी आकडे तपासून द्यावेत, अशी विनंती आहे. दुपारी वळीव आला तर मात्र मला आधी शेडवर जावे लागेल, आणि उड्डाण रात्रीवर ढकलू.