हॅलोविनला मुलांना दुसऱ्या वस्तीत नेणे योग्य आहे का?

प्रश्न: अमेरिकेत आम्ही राहतो त्या भागात घरे दूरदूर असून पदपथ नाहीत, म्हणून ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हॅलोविनच्या प्रथेप्रमाणे वेशभूषा करून दारोदारी खाऊ मागण्यासाठी, मुलांना गाडीने दाट घरांच्या वस्तीत न्यावे असे वाटते, तेथील रहिवाशांना ते खटकेल का?

उत्तर: अवश्य न्या. आमच्या गल्लीत बाहेरची मुले येतात, आणि दार उघडताच त्यांचे चेहरे पाहून मला मनापासून आनंद होतो. मात्र दारावरचा दिवा मालवलेला असेल तर तेथे खाऊ मिळणार नाही, हा सर्वमान्य संकेत पाळावा.

उत्तर: मी किंचित वेगळे सांगेन. गर्दीच्या गल्लीत खाऊचा भार मोजक्या घरांवर पडतो. त्या वस्तीत कोणी ओळखीचे असल्यास चॉकलेटांचे एक पाकीट त्यांना आधीच नेऊन द्यावे.

उत्तर: मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यास निळसर-हिरवा भोपळा ठेवलेली घरे शोधा. २०१४ पासून देशभर रुजत गेलेल्या या खुणेचा अर्थ असा, की तेथे खाऊऐवजी छोटी खेळणीही मिळतात. अगदी लहान मुलांसाठी काही चर्च आणि शाळा वाहनतळावर गाड्यांच्या डिकीतूनच खाऊ वाटतात; तेथे रस्ता ओलांडावा लागत नाही.