सोसायटीतल्या आया आणि मुलं मिळून सेवागट सुरू करायचा आहे, सल्ला हवा

ओसरी:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात बावधनला राहतो. चार ते अकरा वयाची मुलं असलेल्या आम्ही दहा-बारा जणी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत भेटतो. बरेच दिवस बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबतंय, की रविवारी सकाळचे दीड-दोन तास मुलांना बरोबर घेऊन काहीतरी खरं काम करावं. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक कापून येणं हा प्रकार मला मनापासून नकोय. तिथल्या मुलांनी रांगेत उभं राहून आपल्या मुलांच्या हातून खाऊ घ्यायचा, यात कोण काय शिकतं? मुलांच्या हाताला माती लागावी, घाम यावा आणि पुढच्या आठवड्यात 'परत कधी जायचं' असं त्यांनीच विचारावं, एवढीच इच्छा.

काम कोणतं निवडावं? गटाची नोंदणी करावी लागते का? पैसे गोळा करावेत का? आमच्यातल्या निम्म्या नोकरी करतात, दोघी-तिघींची धाकटी अजून कडेवर आहेत. अशा गटांचा उत्साह दोन महिन्यांत ओसरतो असं ऐकते, ते कसं टाळता येईल? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

चिंचबोरं:
एकच काम, एकच जागा, एकच वेळ. या आठवड्यात नदीकाठची सफाई, पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रम, मग रोपवाटिका असं केलंत तर दर वेळी नव्याने फोनाफोनी करावी लागते आणि ती करणारी दमली की गट संपतो. जागा घरापासून इतकी जवळ हवी की एखादी उशिरा उठली तरी येऊन मिळेल.

रानजाई:
बावधनहून वेताळ टेकडी फार लांब नाही, म्हणून आमचंच काम सुचवते. पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला येणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं घरून पाणी नेऊन झाडं जगवत आली आहेत. जुलैत रोप लावायला सगळे येतात, बॅनर असतो, फोटो असतात. खरी गरज फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत असते, तेव्हा टेकडीवर कोणी नसतं आणि रोपं तेव्हाच मरतात. तुमच्या गटाने एकही नवं झाड न लावता आधी लावलेली पंचवीस-तीस झाडं उन्हाळ्यातून पार नेली, तर त्याचं मोल मला जास्त वाटतं.

मुलांसाठी तर हे काम फारच चांगलं. प्रत्येक मुलाला त्याची दोन झाडं नेमून द्या. एक लिटरची बाटली सहा वर्षांचं मूल आपली आपण वर नेतं. पाच लिटरचा कॅन घेतलात तर तो आईच्या हातात येतो आणि मूल नुसतं मागून चालतं. उतारावर पाणी एकदम ओतलं की आळ्यात न थांबता खाली निघून जातं, म्हणून आधी आळ्याची उताराकडची कड दगड-मातीने उंच करून घ्यायची, खोडाला न चिकटवता वाळका पाला पसरायचा आणि मग धार बारीक ठेवून पाणी सोडायचं. आमच्यातली लहान मुलं हे इतकं मन लावून करतात की मोठ्यांनी धसमुसळेपणा केला तर त्यांनाच बोलणी बसतात.

एक काळजी घ्या. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे. परस्पर खड्डे खणू नका, झाडं लावू नका. तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या गटाला जाऊन मिळा. कोणती झाडं देशी, कोणती नाहीत हेही तेच दाखवतील. गिरिपुष्प हे परदेशी झाड टेकड्यांवर आधीच भरपूर आहे, त्याला तुमच्या पाण्याची गरज नाही. आणि साडेनवाच्या आत खाली उतरा, एप्रिलमध्ये तर त्याहून आधी.

मधली_सुट्टी:
टेकडीचं काम छानच, पण पावसाळ्यात काय करणार? आम्ही डोंबिवलीला अंगणवाडीत गोष्टी वाचतो, त्याबद्दल लिहिते.

अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत, एकात्मिक बालविकास सेवा योजनेत. आपल्या सोसायट्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्या असतात आणि आपल्यातल्या अनेकींनी त्यांचं दार कधी पाहिलेलंही नसतं. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे बसतात, गरम आहार मिळतो, लसीकरण असतं, वजन-उंची घेतली जाते. सेविकाताईंवर नोंदवह्या आणि मोबाइलवरच्या नोंदींचं एवढं ओझं असतं की गोष्ट सांगायला हातात वेळ उरत नाही. नेमकी ती जागा तुम्ही भरू शकता.

परवानगीशिवाय जाऊ नका. सेविकाताई स्वतःच्या अधिकारात हो म्हणू शकत नाहीत, त्यांच्या वर मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी असतात. साधा एक पानी अर्ज द्या: कोण येणार, किती वाजता, काय करणार. वेळ सकाळची असते, त्यामुळे तुमच्या मुलांच्या शाळेला सुट्टी आणि अंगणवाडी चालू, असाच दिवस शोधावा लागेल. सप्टेंबर हा पोषण महिना असतो, तेव्हा कार्यक्रम चालू असतात आणि बाहेरच्या मदतीचं स्वागत होतं, सुरुवात तेव्हा करता येईल.

वाचायचं मुलांनीच. नऊ-दहा वर्षांचं मूल सतरंजीवर बसून चित्रांचं पुस्तक वाचतं तेव्हा समोरची पोरं आपण वाचल्यापेक्षा जास्त कान देतात. माझी लेक पहिल्यांदा पुस्तक स्वतःकडे धरून वाचत होती. समोरचा एक चिमुरडा उठला, तिच्या मांडीला टेकून उभा राहिला आणि डोकं वाकडं करून चित्र बघायला लागला. तेव्हापासून ती पुस्तक उलटं, मुलांकडे तोंड करून धरते आणि बाजूने वाकून वाचते. मी शिकवलेलं नाही. पुस्तकांचा खर्च नको असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकंही स्वस्त असतात.

चॉकलेटं, बिस्किटं नेऊ नका. दोन खेपांतच मुलं पुस्तकाऐवजी पिशवीकडे बघायला लागतात. आणि त्या मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

हिशेबवही:
नोंदणीचं सांगतो (बाबा आहे, चालेल ना?). दहा-बारा आया मिळून टेकडीवर पाणी घालणार असाल तर कसलीच नोंदणी लागत नाही. संस्था करायची ठरली तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदणी होते. मग दर वर्षी लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयात हिशेब, बदल अर्ज असं सगळं मागे लागतं. एवढ्यात त्यात पडू नका.

पैसे तर गोळाच करू नका. ज्याने त्याने आपली बाटली, आपलं खुरपं आणावं. बाहेरच्यांकडून वर्गणी घ्यायची तर गणेश मंडळांना लागते तशी त्याच न्यास कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून घ्यावी लागते. ओळखीच्या गटांत जी भांडणं पाहिली, त्यातली बहुतेक कोणाच्या तरी गुगल पेवर जमा झालेल्या पैशांवरून झाली.

ओसरी:
चालेल काय, हवेच आहात! पैशांचा मुद्दा एकदम पटला.

थेम्सकाठ:
लंडनहून लिहितेय. इथे दुसऱ्यांच्या मुलांसोबत नियमित काम करायचं तर बहुतेक ठिकाणी आधी डीबीएस तपासणी होते, म्हणजे पोलीस नोंदी पाहिल्या जातात. तुमच्या गटात ते शक्य नाही, पण त्यामागचा विचार जरूर घ्या. प्रत्येक मुलाबरोबर त्याचं स्वतःचं मोठं माणूस हवंच, 'माझ्या बाळाला पण घेऊन जा ना' चालणार नाही. दुसऱ्याच्या मुलाबरोबर कोणीही एकटं राहायचं नाही. प्रत्येक मुलाची ॲलर्जी आणि घरचा नंबर एका कागदावर लिहून ठेवा. मुलांकडून १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठी असलेल्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून घ्या, तो कुठल्याही मुलाला कधीही लागू शकतो.

वाफाळता:
एक वेगळा मुद्दा. तुमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या ताया, सुरक्षारक्षकांच्या बायका, शेजारच्या बांधकामावरच्या बाया, यांनाही मुलं आहेत. 'आया आणि मुलं' म्हणताना त्या मोजल्या का? मदत घेणाऱ्या म्हणून नाही, गटाच्या सभासद म्हणून विचारा. आमच्याकडे नाशिकला ज्या ताई आल्या त्यांना रोपं, माती, पाणी याची आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जाण होती. गावाकडे शेतात राबलेल्या त्या. काम साहजिकच त्यांच्या शब्दावर चालू लागलं आणि आमच्या मुलांनी ते रोज पाहिलं. रविवार त्यांना जमत नसेल तर वेळ त्यांच्या सोयीने बदला, एवढं आपण करू शकतो.

ओसरी:
हे खरंच सुचलं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंची दोन मुलं माझ्या मुलाच्याच वयाची आहेत, उद्याच विचारते. वेळही मग रविवारी साडेसातची करावी लागेल, साडेनऊला त्यांची कामं सुरू होतात. फेब्रुवारी ते पाऊस टेकडी, पावसाळ्यात अंगणवाडी असं डोक्यात बसतंय. कडेवरच्या पिल्लांचं मात्र अजून कळत नाही. त्यांच्या आयांना घरी बसवायचं नाहीये.

रानजाई:
अगं, त्यांना वर चढवूच नको. पायथ्याशी सावलीत एकीने बसायचं, पाणी भरलेल्या बाटल्या आणि उपस्थितीची वही सांभाळायची, दर रविवारी वेगळी. कोणाच्या मुलाचं कोणतं झाड, शेवटचं पाणी कधी घातलं, हे वहीत लिहिणारं माणूस गटाला लागतंच. आम्ही जूनमध्ये त्याच वहीवरून किती जगली ते मोजतो. आणि नोकरीवाल्यांना सांग, महिन्यातून दोनदा आल्या तरी त्या पूर्ण सभासद. दर रविवारची सक्ती केलीस की आधी त्याच सुटतील.

मधली_सुट्टी:
अंगणवाडीच्या अर्जाचा नमुना हवा असेल तर विपू (माझ्या विचारपुशीत निरोप) कर, पाठवते. आत्ताच दिलास तर पावसाळ्याआधी परवानगी हातात येईल.