मदत हवी आहे: पीडीएफ नोट्समधली समीकरणं स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) नीट वाचत नाही

मंडळी, कॉलेजच्या नोट्स डब्ल्यूसीएजी 2.1 (दिव्यांगांनाही मजकूर वापरता यावा यासाठीचे नियम) च्या डबल ए लेव्हलला बसवायच्यात. स्कॅन केलेल्या पानांचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालं, हेडिंगला वर्डमधल्या स्टाइल्स लावल्या (नुसतं बोल्ड करून भागत नाही, हे काही सरांना अजून पटत नाही), फिकट राखाडी अक्षरं गडद करून अक्षर नि पार्श्वभूमीत 4.5:1 कॉन्ट्रास्टही आणला. पण समीकरणं पीडीएफमध्ये गेली की एनव्हीडीए (आमचा स्क्रीन रीडर) एकतर गप्प बसतं नाहीतर एक्सचा वर्ग सरळ 'एक्स दोन' वाचतं, मग ऐकणाऱ्या पोराला कळणार कसं? प्रत्येकाला ऑल्ट टेक्स्ट (वाचून दाखवायचं शब्दांतलं वर्णन) लिहीत बसू की मॅथएमएल (वेबपानावर गणित लिहायचा कोड) घालून एचटीएमएलच देऊ? आणि मर्ज केलेल्या सेलवाली टेबलं कोणी टॅग केलीयत का (म्हणजे स्क्रीन रीडरला रचना कळेल अशा खुणा लावल्यायत का), ॲक्रोबॅटचा ॲक्सेसिबिलिटी चेकर पास म्हणतो पण वाचताना कॉलमचं हेडिंग भलतंच येतं.